परिचारिकांची आद्य गुरू : फ्लॉरेन्स नाइटिंगेल

स्मरणिकेच्या ह्या पृष्ठांवर थोरांची चरित्रे देताना आम्ही बहुधा विद्वान, देशभक्त व दानशूर पुरुषांकडे वळतो. ह्या वेळी एका परदेशस्थ विदुषीचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत, त्यास कारण आहे. आपल्या ज्ञातीतील मुली परिचारिकेच्या व्यवसायात शिरू लागल्या, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु मुलीस नोकरी लागली, अंगावर पांढरा गणवेष चढला, की तिचे शिक्षण संपले, अशी समजूत अजूनही अनेक घरांत आढळते. ज्या स्त्रीने हा व्यवसाय घडविला, तिने ही समजूत जन्मभर खोडून काढली. तिचे नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेल.

बाईंचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरात झाला व त्या नगरावरूनच त्यांचे नाव ठेवण्यात आले. घराणे इंग्लंडातील सधन व प्रतिष्ठित. वडिलांनी आपल्या दोन्ही कन्यांना घरीच लॅटिन, ग्रीक, इतिहास इत्यादी विषय शिकविले. फ्लॉरेन्सचा ओढा मात्र गणिताकडे विशेष होता. सोळा वर्षांच्या असतानाच ईश्वराने आपणांस सेवेसाठी पाचारण केले आहे, अशी त्यांची श्रद्धा झाली. १८४५ साली त्यांनी सॉल्झबरी येथील रुग्णालयात राहून शुश्रूषा शिकण्याची इच्छा घरी बोलून दाखविली, तेव्हा जणू आकाशच कोसळले. त्या काळी रुग्णालयातील परिचारिका म्हणजे निरक्षर, मद्यपी व चारित्र्याने संशयास्पद, असाच लोकांचा ग्रह होता. कुलीन घरातील मुलीने तेथे पाऊल टाकावे, ही कल्पनाच आईस व बहिणीस असह्य झाली. ही हकीकत वाचताना आपल्याकडील कितीएक घरे आमच्या डोळ्यांपुढे येतात. विरोधाची भाषा निराळी, पण धास्ती तीच : लोक काय म्हणतील?

बाईंनी घर सोडले नाही, पण निश्चयही सोडला नाही. पहाटे उठून रुग्णालयांचे अहवाल वाचावेत, त्यांची टिपणे काढावीत, आणि दिवस उजाडला की घरच्या पाहुण्यांच्या सरबराईस लागावे, असा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे चालविला. अनुरूप स्थळ चालून आले असता तेही नाकारले. अखेर १८५१ साली जर्मनीतील कैसर्सवर्थ येथील संस्थेत त्यांना सुमारे तीन महिन्यांचे शिक्षण मिळाले. त्या वेळी त्यांचे वय एकतीस होते. विद्यारंभास उशीर झाला असे मानणाऱ्यांनी हे वय ध्यानात ठेवावे. १८५३ साली लंडनमधील हार्ले स्ट्रीटवरील स्त्रियांच्या एका लहान रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली.

पुढच्याच वर्षी क्रिमियाच्या युद्धाने त्यांना जगापुढे आणले. ३८ परिचारिकांसह त्या नोव्हेंबर १८५४ मध्ये तुर्कस्थानातील स्कुटारी येथे पोहोचल्या. तेथील लष्करी रुग्णालयात घाण, उंदीर, उवा व दुर्गंधी ह्यांचे राज्य होते. रात्री हाती दिवा घेऊन रुग्णांमधून फिरणारी त्यांची मूर्ती सर्वश्रुत आहे. परंतु आमच्या मते त्यांचे मोठेपण केवळ त्या दिव्यात नाही. १८५५च्या फेब्रुवारीत मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ पर्यंत चढले होते. मार्चमध्ये आलेल्या आरोग्यसमितीने गटारे साफ केली, हवा खेळती केली, आणि काही महिन्यांत ते प्रमाण शेकडा दोनच्या आसपास उतरले. युद्धानंतर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार ह्यांच्या साहाय्याने बाईंनी हे आकडे पुन्हा तपासले आणि जखमांपेक्षा अस्वच्छतेनेच अधिक सैनिक दगावले, हे आकृत्या काढून सरकारास पटवून दिले. जगाने देवता ठरविलेली ही स्त्री कीर्तीवर संतुष्ट न राहता पुन्हा अभ्यासास बसली. लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने १८५८ साली त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री.

कृतज्ञ जनतेने त्यांच्या नावे सुमारे ४५ हजार पौंडांचा निधी जमविला. त्यातून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय निघाले. आरंभी विद्यार्थिनी अवघ्या पंधरा. राहणे-जेवणे विद्यालयाकडे, वर वर्षास दहा पौंड वेतन. वॉर्डात सिस्टरच्या हाताखाली प्रत्यक्ष काम, डॉक्टरांची व्याख्याने, रोग्यांविषयी लिहावयाच्या वह्या आणि प्रत्येकीच्या वर्तनाची व कौशल्याची दरमहा नोंद, असा तेथील शिस्तबद्ध क्रम होता.

ह्या योजनेतील एक तत्त्व विशेष मोलाचे आहे. परिचारिकांवरील अधिकार परिचारिकेचाच असावा, असा बाईंचा आग्रह होता. त्यामुळे शिकाऊ मुलगी, मग परिचारिका, पुढे वॉर्डची सिस्टर आणि शेवटी मेट्रन अशी एक शिडीच उभी राहिली व तिची वरची पायरी स्त्रीच्या हाती राहिली. ही शिडी चढलेल्या स्त्रिया दूरदूर गेल्या. ॲग्नेस जोन्स ह्यांनी १८६५ पासून लिव्हरपूलच्या अनाथ-दरिद्री रुग्णांच्या इस्पितळाची धुरा वाहिली व तीन वर्षांनी तेथेच ज्वराने देह ठेवला. ल्यूसी ऑस्बर्न १८६८ साली पाच सहकारिणींसह ऑस्ट्रेलियात सिडनी येथे गेल्या.

स्वतः बाई आजारपणामुळे पुष्कळ वर्षे खोलीबाहेर क्वचितच पडत. तरीही १८७२ पासून त्या विद्यार्थिनींना वेळोवेळी उपदेशपर पत्रे पाठवीत. त्या सर्वांचा आशय एकच : जी परिचारिका दरवर्षी काही नवे शिकत नाही ती जागेवर राहत नाही, मागे पडते. ह्याच विचाराने त्यांनी परिचारिकांच्या सरकारी नोंदणीसही विरोध केला. एकदाच्या परीक्षेने जन्मभराची योग्यता ठरू नये, असे त्यांना वाटे. ह्या प्रश्नी काळाने त्यांना साथ दिली नाही. इंग्लंडात १९१९ साली नोंदणीचा कायदा झाला, आपल्या मुंबई इलाख्यात १९३५ साली, आणि त्यामुळे परिचारिकांस प्रतिष्ठा व संरक्षण लाभले, हे मान्यच केले पाहिजे. तथापि बाईंची शंका खोटी नव्हती. प्रमाणपत्र भिंतीवर टांगून पुस्तक मिटणारे सर्वच व्यवसायांत आढळतात.

हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत. पण येथील आरोग्याविषयी त्यांनी अनेक वर्षे लेखणी झिजविली. समाजसुधारक बेहरामजी मलबारी ह्यांच्या दयाराम गिदुमलकृत चरित्रास १८९२ साली त्यांनी प्रस्तावना लिहिली. ह्याच दोघा गृहस्थांनी १९०८ साली मुंबईत सेवासदन स्थापिले. पुढल्या वर्षी रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर ह्यांच्या परिश्रमाने ते पुण्यास आले. पुढे पुण्याच्या सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या सहकार्याने मुलींस शुश्रूषेचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला, तेव्हा समाजाचा उपहास सोसूनही बालविधवा त्यात पुढे आल्या. आज आपल्या लेकीबाळींसाठी जो मार्ग सुकर झाला आहे, तो त्यांनी तुडवून केलेला आहे.

१९०७ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान बाईंना मिळाला; तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्या निवर्तल्या. वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाचा सन्मान आप्तांनी नम्रपणे नाकारला व गावच्या दफनभूमीत त्यांना विश्रांती दिली. त्यांचा जन्मदिवस जगभर परिचारिकादिन म्हणून पाळला जातो.

ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची एकच विनंती आहे. जी. एन. एम. झालेल्या मुलीस पुढे दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. होता येते, त्यापुढे एम.एस्सी. आहे, शिक्षिका, अधिसेविका, प्राचार्या ही पदे तिच्यासाठी आहेत. परंतु लग्नानंतर सून अभ्यासास बसली की घरात कुरबूर सुरू होते, रात्रपाळीवरून आलेल्या मुलीकडून सकाळच्या स्वयंपाकाची अपेक्षा धरली जाते, आणि पगार मात्र सर्वांस हवा असतो. अशाने ती पहिल्याच पायरीवर थांबते. सासूबाईंनी त्या दोन वर्षांपुरता घरचा भार उचलावा, पतीने फॉर्म भरण्यास स्वतः सोबत जावे आणि मंडळाने आपल्या शिष्यवृत्तीत नोकरी करून शिकणाऱ्या परिचारिकांचाही विचार करावा. नाइटिंगेलबाईंना पहाटेच्या अंधारात चोरून जे वाचावे लागले, ते आपल्या सुनांना दिवसाउजेडी वाचता यावे, इतकीच आमची इच्छा आहे.