एक डोळा, एक घुबड

यंदाच्या वार्षिकासाठी मी लेख नव्हे, एक छायाचित्र देणार होतो. बदलापूरजवळच्या आमच्या सोनिवलीत शेताच्या बांधावर एक जुना आंबा आहे. त्याच्या ढोलीत चैत्रात पिंगळ्याच्या जोडीने पिल्ले काढली होती. घुबडाच्या वाटेला जाऊ नको, त्याला मारलेला दगड ते उगाळत बसते आणि मारणारा झिजत जातो, असे आजीने बजावले होते. मी हसण्यावारी नेले. तिन्हीसांजेला मित्राच्या खांद्यावर चढून मी मोबाईलचा झोत ढोलीत टाकला. दोन पिल्ले अंग चोरून मागे सरकली आणि त्याच क्षणी माझ्या कानाजवळून काहीतरी गेले. चाहूल मुळीच लागली नाही. गालाला वारा तेवढा जाणवला. मी धपकन खाली आलो. छायाचित्रात निव्वळ काळोख उमटला होता.

त्या फजितीनंतर मी घुबडांविषयी वाचू लागलो आणि मला एरिक हॉस्किंग भेटले. गेल्या शतकातले इंग्लंडचे हे नामवंत पक्षी-छायाचित्रकार. त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १९०९ रोजी लंडनमध्ये झाला. लहानपणीच साधा बॉक्स कॅमेरा हाती आला आणि पक्ष्यांचा छंद जडला. हातची नोकरी सुटली तेव्हा, १९२९ च्या सुमारास, त्यांनी कॅमेरा हेच पोटापाण्याचे साधन केले. पक्ष्यांच्या चित्रांवर घर चालवणे हे त्या काळी वेडेपणाचेच होते.

तेव्हा आजच्यासारखी दूरची भिंगे नव्हती. कॅमेरा अवजड, काचेच्या पट्टीवर एकेक चित्र घ्यायचे. उडता पक्षी त्यात सापडणार कसा? म्हणून छायाचित्रकार घरट्याजवळ कापडाचे लपण उभारीत. ते थोडे थोडे पुढे सरकवीत, पक्ष्याला त्याची सवय होऊ देत आणि मग आत तासन्‌तास बसून राहत. हॉस्किंग या विद्येत पारंगत होते.

१९३७ सालच्या मे महिन्यात ते वेल्समध्ये टॉनी आउल या तपकिरी घुबडाच्या घरट्याची चित्रे घेत होते. घरट्यात पिल्ले होती. अंधार पडल्यावर ते लपणाकडे चढू लागले आणि घुबडाने त्यांच्या तोंडावर झडप घातली. घुबडाच्या पिसांना मऊ झालर असते, त्यामुळे त्याच्या पंखांचा आवाज होत नाही. त्याची नखी डाव्या डोळ्यात रुतली. जखम चिघळली. दुसराही डोळा जाण्याचा धोका होता, म्हणून डावा डोळा काढावा लागला. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते.

कोणीही कॅमेरा खाली ठेवला असता. हॉस्किंग पुन्हा घुबडांकडेच वळले. अशा घरट्यांपाशी जाताना मात्र तलवारबाजीचा जाळीदार मुखवटा चढवू लागले. कॅमेऱ्यातून पाहताना आपण एक डोळा मिटतोच, हे खरे. पण अंतराचा अंदाज दोन डोळ्यांनी येतो. तो त्यांना नव्याने शिकावा लागला असेल. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी वेगवान इलेक्ट्रॉनिक फ्लॅश वापरात आणला. १९४८ मध्ये त्यांनी टिपलेले, पंख उभारून चोचीत शिकार घेऊन आलेले गव्हाणी घुबड जगभर गाजले. १९७० मध्ये आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘ॲन आय फॉर अ बर्ड’. पक्षी हेरणारी नजर आणि पक्ष्यापायी दिलेला डोळा, असे दोन्ही अर्थ त्यात आहेत. २२ फेब्रुवारी १९९१ रोजी ते वारले.

मला त्यांच्या धाडसापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. ज्या पक्ष्याने डोळा घेतला त्याच्याच जातीवर त्यांनी उरलेल्या डोळ्याने प्रेम केले. घुबड दुष्ट नव्हते; ते आपल्या पिल्लांची राखण करीत होते, एवढेच. मग मला आजीचा उगाळलेला दगड आठवला. ती अंधश्रद्धाच, पण घुबडाच्या वाटेला जाऊ नये, एवढे शहाणपण तिच्यात होते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे हीसुद्धा शिकारच ठरवली आहे. हॉस्किंगना दूरचे भिंग नव्हते, तरी ते लपणात बसून धीराने वाट पाहत. माझ्या खिशात यंत्र होते, धीर नव्हता.

पुढचे काही दिवस मी संध्याकाळी बांधाच्या पलीकडे, मोबाईल घरी ठेवून, नुसता बसत असे. एके दिवशी दोन्ही पिल्ले फांदीवर आली. त्यांची आई, की बाप कोण जाणे, माझ्याकडे टक लावून पाहत होता. पण उडाला नाही.

म्हणून संपादक मंडळाची क्षमा मागतो. छायाचित्र नाही.