हान्स पीटर लून: शेवटच्या आकड्यामागचा माणूस

फोनवर *#०६# डायल करून बघा. पंधरा आकडी आयएमईआय नंबर येईल. त्यातला शेवटचा आकडा फोनबद्दल काहीच सांगत नाही. आधीचे चौदा आकडे नीट उतरवलेत का, एवढं तपासायलाच तो ठेवलाय. डेबिट कार्डाचा शेवटचा आकडाही तसाच. ही युक्ती हान्स पीटर लून यांची.

लून यांचा जन्म १८९६ चा, जर्मनीतल्या बार्मेनचा. वडील छपाईच्या धंद्यात. पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैन्यात होते. पुढे कापड उद्योगात शिरले आणि त्याच कामासाठी अमेरिकेला गेले. तिथे कापडातले धागे मोजणारं लुनोमीटर त्यांनी बनवलं. कॉम्प्युटरची डिग्री वगैरे काही नाही, तेव्हा ती नव्हतीच! १९४१ मध्ये ते आयबीएममध्ये आले. नावावर ८० च्या वर पेटंट्स.

त्या काळी नंबर हाताने उतरवायचे. एखादा आकडा चुकायचा, नाहीतर शेजारचे दोन उलटे पडायचे, आणि भलत्याच खात्यात नोंद. १९५४ च्या जानेवारीत लून यांनी यावर पेटंटचा अर्ज केला. सॉफ्टवेअर नव्हे, हातात मावणारं चाकांचं यंत्र. गणित मात्र आजही तेच चालतं.

समजा नंबर आहे ४५६७४. उजवीकडून एक आकडा सोडून पुढचा दुप्पट करत जा. दुप्पट दोन आकडी आली तर ते दोन आकडे मिळवा. ४ तसाच, ७ चे १४ म्हणजे ५, ६ तसाच, ५ चे १० म्हणजे १, ४ तसाच. बेरीज २०, दहाने भाग गेला, नंबर ठीक. घाईत ४५७६४ टाइप केलं तर बेरीज १९. सापडली चूक! फक्त ०९ चं ९० झालं तर ती निसटते.

त्याच्याही आधी, जानेवारी १९५३ मध्ये, त्यांनी आयबीएमच्या एका अंतर्गत टिपणात वेगळीच कल्पना मांडली होती. माहिती शोधायला सगळी यादी चाळायची नाही. नंबरवर छोटं गणित करायचं, उत्तर येईल त्या कप्प्यात माहिती ठेवायची, शोधतानाही थेट तोच कप्पा उघडायचा. आपण ज्याला हॅशिंग म्हणतो ते हेच. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हे, पण नाव राहिलं कार्डाच्या आकड्याला.

१९६४ मध्ये लून गेले.

त्यांची युक्ती चूक पकडते, चोर नाही. शेवटचा आकडा कोणीही काढू शकतो, त्यामुळे एखाद्या साइटने नंबर स्वीकारला म्हणजे कार्ड खरं, असं अजिबात नाही. मुद्दाम केलेला बदल पकडायला उलटं फिरवता न येणारे हॅश लागतात. १९७९ मध्ये राल्फ मर्कल यांनी अशा हॅशच्या झाडाच्या पेटंटचा अर्ज केला: प्रत्येक नोंदीचा हॅश, दोन-दोन जोडून पुन्हा हॅश, असं करत वर एकच मूळ हॅश. १०,४८,५७६ नोंदींपैकी एक खरी आहे हे दाखवायला फक्त २० हॅश पुरतात.

आज मर्कल ट्रीची तयार लायब्ररी घेतली की पुरावा बनवणं आणि तपासणं दोन-चार ओळींचं काम. पण तो मूळ हॅश विश्वासाच्या, वेगळ्या ठिकाणाहून घ्या. डेटा आणि मूळ हॅश एकाच सर्व्हरवरून आले, तर तो सर्व्हर दोन्ही बदलून पाठवू शकतो, आणि लायब्ररी खुशाल 'बरोबर' म्हणेल.