श्वासाचे दान : डॉ. पीटर सफार

सेमाडोह हे मेळघाटातील सिपना नदीकाठचे गाव. परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता येथून जातो. अशा ठिकाणी एखाद्याचे हृदय एकाएकी बंद पडले तर? प्राणवायूवाचून मेंदू चार-पाच मिनिटांतच निकामी होऊ लागतो; घाटाची वळणे तेवढ्या वेळात संपत नाहीत. या चार-पाच मिनिटांचाच ध्यास ज्यांनी जन्मभर घेतला, त्या डॉ. सफार यांचे चरित्र म्हणूनच आपल्याला जवळचे वाटावे.

त्यांचा जन्म १९२४ साली व्हिएन्ना येथे झाला. वडील नेत्रतज्ज्ञ, आई बालरोगतज्ज्ञ. आईकडून ज्यू वंशाचा संबंध असल्याने नाझी राजवटीत या कुटुंबाची परवड झाली. तशातही पीटर यांनी १९४८ मध्ये वैद्यकीय पदवी मिळविली आणि पुढल्याच वर्षी अमेरिका गाठली. तेथे ते भूलतज्ज्ञ झाले.

बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून श्वासमार्ग बंद होतो, हे भूलतज्ज्ञांना ठाऊक होते. तरीही प्रथमोपचारात पाठ दाबणे आणि हात वर-खाली करणे एवढेच शिकविले जाई. आपण सोडलेल्या श्वासातही दुसऱ्याला जगविण्याइतका प्राणवायू असतो, हे डॉ. जेम्स एलम यांनी दाखविले होते. १९५६ साली या दोघांची गाठ पडली. मग बाल्टिमोर येथे सफार यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांचा श्वास औषधाने थांबविला आणि जुन्या-नव्या पद्धती ताडून पाहिल्या. जुन्या पद्धतीत अनेकदा हवा फुप्फुसांत पोचतच नसे. डोके मागे कलवून हनुवटी वर उचलली की वाट मोकळी होई, आणि तोंडाने दिलेला श्वास आत जाई. हे काम साध्या माणसांनाही जमले, ही खरी क्रांती होय!

१९६० मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची रीत मांडली. सफार यांनी तिला श्वासमार्ग व श्वास यांची जोड दिली.

परंतु नियती कठोर! १९६६ साली त्यांची लहान मुलगी एलिझाबेथ दम्याच्या झटक्याने बेशुद्ध झाली. तिचे हृदय पुन्हा चालू झाले, मेंदू मात्र वाचला नाही. बाप खचला, पण थांबला नाही. १९६७ मध्ये पिट्सबर्ग येथे ‘फ्रीडम हाउस’ रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. ज्यांना कोणी काम देत नसे, अशा कृष्णवर्णीय तरुणांना सफार यांनी जीव वाचविण्याचे उच्च प्रशिक्षण दिले. त्यापूर्वी तेथे रुग्णांना बहुधा पोलिसांच्या गाडीत घालून नेत असत!

२००३ साली सफार निवर्तले. २०१० पासून अशा रुग्णाची छाती आधी दाबावी, असा क्रम ठरला. प्रशिक्षण नसलेल्याने निदान तेवढे तरी न थांबता करावे. बुडालेल्या माणसाला मात्र श्वास देणे आजही अत्यावश्यकच आहे. ज्या गावाच्या नावातच डोह आहे, तेथे हे विसरून कसे चालेल?

मित्रहो, महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. ती येईपर्यंतची मिनिटे मात्र शेजारच्या माणसाच्या हाती असतात. सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते बांधतो, झाडे लावतो; त्यात जाणत्यांकडून ही विद्या शिकण्यास एक दुपार राखून ठेवली, तर सफार यांचे स्मरण सार्थ होईल.