गरिबाच्या मनालाही वैद्य हवा : डॉ. सिग्मंड फ्रॉइड

अंगात ताप भरला की आपण दवाखाना गाठतो. हाड मोडले तर इस्पितळात जातो, आणि त्यात कोणाला लाज वाटत नाही. पण झोप उडाली, जीव घाबरा होऊ लागला, कशातच रस वाटेनासा झाला, तर ती गोष्ट आपण घरातच दडवतो. कोणी डॉक्टरचे नाव काढलेच, तर ते श्रीमंतांचे काम, आपल्याला कसे परवडणार, असे म्हणून विषय संपतो. म्हणून आज आम्ही एका अशा डॉक्टरचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत, ज्यांनी हा पैशाचा प्रश्न आयुष्यभर जवळून पाहिला.

सिग्मंड फ्रॉइड यांचा जन्म ६ मे १८५६ रोजी मोराव्हिया प्रांतातील फ्रायबर्ग या लहान गावी एका यहुदी कुटुंबात झाला. हे गाव आज चेक देशात आहे. वडील लोकरीचा व्यापार करीत. धंदा बसला आणि १८६० मध्ये हे कुटुंब व्हिएन्ना शहरात येऊन राहिले. घरात सात मुले वाढत होती आणि सिग्मंड त्यांत थोरले. पैशाची ओढाताण नित्याचीच. तरी हुशार मुलाच्या शिक्षणात आईवडिलांनी खंड पडू दिला नाही. १८८१ मध्ये ते डॉक्टर झाले.

त्यांची खरी आवड संशोधनाची. पण प्रयोगशाळेत पोटापुरते मिळत नव्हते. १८८२ मध्ये मार्था बर्नेस हिच्याशी विवाह ठरला, आणि संसार उभा करण्यासाठी त्यांना प्रयोगशाळा सोडून इस्पितळाची वाट धरावी लागली. जुने गुरुजी आणि डॉ. ब्रॉयर यांच्यासारखे स्नेही वेळोवेळी हातउसने पैसे देत. तरीही लग्नाला चार वर्षे थांबावे लागले. १८८५ मध्ये विद्यावेतन मिळाले आणि ते पॅरिसला डॉ. शार्को यांच्या हाताखाली शिकायला गेले. पुढच्या वर्षी त्यांनी व्हिएन्नात स्वतःचा दवाखाना उघडला, आणि लग्नही केले.

रोग्याला कोचावर निजवून मनात येईल ते मोकळेपणी बोलू द्यायचे, आणि त्या बोलण्यातून दुखण्याचे मूळ शोधायचे, ही त्यांची पद्धत. तिला मनोविश्लेषण म्हणतात. यात औषधाचा खर्च नाही, पण वेळ फार लागे. रोज सुमारे एक तास, आठवड्यातून सहा दिवस, आणि असे कित्येक महिने! साहजिकच पैसेवाले लोकच हे उपचार घेऊ शकत. फ्रॉइड यांनी सुमारे दहा वर्षे रोजचा एक तास, कधी दोन तास, फुकट उपचारांसाठी राखून ठेवले होते. पण फुकट उपचारात रोग्याच्या मनात नव्या अडचणी उभ्या राहतात, असा अनुभव त्यांनी १९१३ मध्ये लिहिला. परिस्थितीने गांजलेल्या काही सज्जनांना मात्र फुकट उपचारानेही उत्तम गुण आल्याचे त्याच लेखात त्यांनी मान्य केले.

मग १९१४ चे महायुद्ध आले. त्यांचे मुलगे सैन्यात गेले. व्हिएन्नात अन्न मिळेना, कोळसा मिळेना. तोफांच्या भडिमाराने मन खचलेले हजारो शिपाई परत येत होते. सप्टेंबर १९१८ मध्ये बुडापेस्ट येथील परिषदेत फ्रॉइड यांनी भाषण केले. शस्त्रक्रियेवर जेवढा गरिबाचा हक्क आहे तेवढाच मनाच्या उपचारावरही आहे. हे दुखणे क्षयाइतकेच समाजाला पोखरते. कधीतरी सरकारला असे मोफत दवाखाने उघडावे लागतील, आणि तोवर दानशूरांनी सुरुवात करावी, असा त्या भाषणाचा आशय होता.

ते शब्द वाऱ्यावर गेले नाहीत. १४ फेब्रुवारी १९२० रोजी बर्लिनमध्ये त्यांचे शिष्य मॅक्स आयटिंगोन यांनी स्वतःच्या पैशाने असा दवाखाना सुरू केला. फ्रॉइड यांचा मुलगा अर्न्स्ट याने त्याच्या खोल्यांची रचना केली. ज्याला जेवढे झेपेल तेवढे त्याने द्यावे, नसेल त्याने देऊ नये, असा तेथील नियम होता. शिकाऊ डॉक्टर जाणत्यांच्या देखरेखीखाली रोगी तपासत, त्यामुळे खर्चही आवाक्यात राही.

१९२२ मध्ये व्हिएन्नातही दवाखाना उघडला. प्रत्येक सभासदाने एक तरी रोगी फुकट पाहावा किंवा तेवढी रक्कम द्यावी, असे ठरले. फ्रॉइड यांची स्वतःची आयुष्यभराची पुंजी युद्धानंतरच्या महागाईत बुडाली होती, आणि परदेशी रोग्यांच्या फीवर त्यांचे घर चाले. तरीही क्रांतीत सर्वस्व गमावलेल्या एका रशियन रोग्यावर त्यांनी फुकट उपचार केले, आणि त्याच्या घरखर्चासाठी सहा वर्षे वर्गणी गोळा केली.

१९२६ मध्ये लंडनला असाच दवाखाना निघाला. आपल्या भारतात, कलकत्त्याला, फ्रॉइड यांच्याशी पत्रव्यवहार ठेवणारे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ मध्ये सर्वसाधारण इस्पितळातच मनोरुग्णांना तपासण्याची सोय केली. त्याच वर्षी जर्मनीत नाझी सत्तेवर आले आणि त्यांनी फ्रॉइड यांची पुस्तके जाळली. १९३८ मध्ये व्हिएन्नाचा दवाखाना बंद पडला. ब्याऐंशी वर्षांचे, जबड्याच्या कर्करोगाने जर्जर झालेले फ्रॉइड लंडनला गेले. २३ सप्टेंबर १९३९ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. मागे राहिलेल्या चार बहिणी नाझींच्या छळछावण्यांत मेल्या.

त्यांची अनेक मते आजचे डॉक्टर मानीत नाहीत. पण मनाच्या दुखण्यावर गरिबाचाही हक्क आहे, हे त्यांचे म्हणणे जुने झालेले नाही. आपल्या मॉरिशसमध्ये सरकारी उपचारांना पैसे पडत नाहीत. बो-बासें येथील मनोरुग्णालयाला तर याच बेटावर जन्मलेल्या डॉ. ब्राऊन-सेकार यांचे नाव आहे. तेव्हा वाचकहो, घरात कोणी गप्प गप्प राहू लागले, तर प्रथम गावच्या सरकारी हेल्थ सेंटरमध्ये जाऊन सांगा. खाजगी डॉक्टरकडे गेलात तर फी कमी होईल का, हे विचारायला संकोच करू नका. बर्लिनच्या दवाखान्यात ते विचारणे हाच रिवाज होता. खरी अडचण पुष्कळदा पैशाची नसते, लाजेची असते. आणि ती दूर करणे आपल्याच हाती आहे, असे आम्हाला वाटते.