लहान इंजिनाचा जादूगार : आमेदे गोर्दिनी

आपल्या बेटावर ज्यांनी फ्रेंच मोटारगाड्या चालवल्या किंवा दुरुस्त केल्या, अशा घरांतील वडीलधाऱ्यांना गोर्दिनी हे नाव ओळखीचे असेल. निळा रंग आणि त्यावर दोन पांढरे पट्टे असलेली छोटी रेनो म्हणजे गोर्दिनी, एवढे पुष्कळांना आठवते. पण हे नाव एका माणसाचे होते आणि तो माणूस परक्या देशातून फ्रान्समध्ये येऊन राहिलेला एक कारागीर होता, हे थोड्यांनाच ठाऊक असते. त्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमेदेओ गोर्दिनी यांचा जन्म २३ जून १८९९ रोजी इटलीत, बोलोन्या शहराजवळच्या बझ्झानो गावी झाला. लहान वयातच ते कारखान्यात उमेदवारी करू लागले. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० नंतरच्या दशकात, ते पॅरिसला आले आणि शहरालगतच्या स्युरेन येथे त्यांनी स्वतःचे लहानसे गॅरेज काढले. पुढे ते फ्रेंच नागरिक झाले आणि आमेदेओचे आमेदे झाले.

त्या काळी फ्रान्समध्ये सिमका नावाची कंपनी इटलीच्या फियाट गाड्या आपल्या नावाने बनवीत असे. जेमतेम ५७० सी.सी.ची सिमका ५ आणि १०८९ सी.सी.ची सिमका ८ या गोर्दिनींच्या हाती आल्या. दोन्ही साध्या, घरगुती गाड्या. त्यांच्या इंजिनांतून गोर्दिनींनी इतकी ताकद काढली की ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत त्या नाव मिळवू लागल्या. येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याच १०८९ सी.सी. इंजिनाच्या घराण्यातले इंजिन पुढे मुंबईच्या कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत बसले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून फिरलेल्या आमच्या वाचकांनी त्याचा आवाज ऐकलेला आहे. ती टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून कायमची गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर गोर्दिनींनी पॅरिसमध्ये बुलव्हार व्हिक्तोर येथे कारखाना थाटला आणि शर्यतीच्या गाड्या बांधल्या. अर्जेंटिनाचे फांजिओ युरोपात पहिल्यांदा शर्यतीला उतरले, ते १९४८ साली गोर्दिनींच्याच गाडीतून. पण सुखाबरोबर दुःखही आले. जानेवारी १९४९ मध्ये झां-पियेर विमिल हा त्यांचा उत्तम चालक ब्वेनोस आयर्स येथे सराव करताना अपघातात गेला. १९५१ साली सिमकाने हात काढून घेतला. पुढच्याच वर्षी रॅंस येथे झां बेहरा यांनी गोर्दिनींच्या गाडीतून बलाढ्य फेरारींना मागे टाकले आणि सारा फ्रान्स हर्षला. मात्र तिजोरी रिकामीच राहिली. नवे भाग घ्यायला पैसे नसत, म्हणून थकलेले भाग पुन्हा वापरावे लागत आणि गाडी अर्ध्या वाटेत बंद पडे. जागतिक अजिंक्यपदाची एकही शर्यत त्यांना जिंकता आली नाही. १९५७ पर्यंत त्यांना स्वतःचा संघ मोडावा लागला. स्वतंत्र बाण्याच्या माणसाला याहून मोठा घाव कोणता?

मात्र ज्या कामासाठी त्यांचे नाव राहिले, ते काम यानंतरचे आहे. गोर्दिनी रेनो कंपनीसाठी काम करू लागले. आधी दोफीन गाडीचे इंजिन त्यांनी सुधारले आणि १९६४ साली रेनो ८ गोर्दिनी बाजारात आली.

तिचे मर्म सिलिंडर हेडमध्ये होते. चुलीला वारा मिळाला नाही की लाकडे नुसती धुमसत राहतात. इंजिनाचेही तसेच आहे. जितकी हवा आत येईल आणि धूर जितक्या लवकर बाहेर पडेल, तितकी ताकद अधिक. ही ये-जा हेड सांभाळते. साध्या रेनो ८ मध्ये व्हॉल्व एका ओळीत होते आणि हवा ज्या बाजूने आत जाई त्याच बाजूने धूर बाहेर येई. गोर्दिनींनी व्हॉल्व दोन बाजूंना तिरपे बसवले, जळणाची जागा करवंटीसारखी गोलाकार केली आणि हवेला एक बाजू, धुराला दुसरी बाजू दिली. हवा भरपूर मिळावी म्हणून दोन मोठे कार्ब्युरेटर जोडले. कॅमशाफ्ट मात्र खाली होता तिथेच राहिला. त्याच ११०८ सी.सी. इंजिनाची ताकद सुमारे ५० अश्वशक्तीवरून ९५ वर गेली.

असे हेड बसवणे हे घाईचे काम नव्हे. व्हॉल्व आणि पिस्टन यांच्यात पुरेशी जागा आहे की नाही हे आधी तपासावे लागते, कारण त्यांची गाठ पडली तर क्षणात इंजिन निकामी होते. बोल्ट मधून कडेकडे, ठरल्या क्रमाने, थोडे थोडे आवळावे लागतात. नाहीतर हेड वाकते आणि गॅस्केट फुटते. लोक गोर्दिनींना जादूगार म्हणत, पण ती जादू अशा सबुरीची होती.

या गाडीने १९६४, १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ तीन वर्षे कोर्सिका बेटाची अवघड रॅली जिंकली. १९६६ मध्ये इंजिन १२५५ सी.सी.चे झाले आणि त्याच वर्षी गोर्दिनी चषकाच्या शर्यती सुरू झाल्या. खिशात फार पैसे नसलेल्या तरुणांनी सारख्याच गाड्यांतून आपले कसब दाखवावे, असा त्यांचा हेतू होता. त्यांतच झां-पियेर जाबुई हा तरुण पुढे आला.

१९६८ साली रेनोने गोर्दिनींच्या कंपनीचा मोठा हिस्सा घेतला आणि पुढच्या वर्षी कारखाना विरी-शातियों येथे हलला. तेथे बनलेल्या रेनो-गोर्दिनी इंजिनाने १९७८ मध्ये ल मां जिंकले. २५ मे १९७९ रोजी पॅरिसमध्ये गोर्दिनी निवर्तले. त्यानंतर पाचच आठवड्यांनी, १ जुलै रोजी, दीजों येथे रेनोने जागतिक अजिंक्यपदाची आपली पहिली शर्यत जिंकली. इंजिन विरीच्या त्याच कारखान्यातले आणि चालक जाबुई.

जे यश गोर्दिनींना मालक म्हणून मिळाले नाही, ते त्यांच्या हाताखालून गेलेल्या कारखान्याला आणि चालकाला मिळाले. भांडवल संपते, मालकी जाते, पण हातातले कसब दुसऱ्याला दिले तर ते टिकते. आपल्या तरुण मंडळींनी, विशेषतः जी हाताने काम शिकत आहेत त्यांनी, हे चरित्र ध्यानात ठेवावे, असे आम्हांस वाटते.