यहूदा मक्काबी

ख्रिस्तजन्मापूर्वीं सुमारें पावणेदोनशें वर्षें यहूदी देशावर सुरियाच्या ग्रीक राजांचा अंमल होता. इ. स. पूर्वी १७५ सालीं अंतिओख एपिफानेस हा गादीवर आला. इ. स. पूर्वी १६७ सालीं त्यानें यरुशलेमांतील मंदिरांत जूस देवाची पूजा सुरू केली, सुंता व शब्बाथ यांस बंदी केली, आणि ज्याच्या घरीं नियमशास्त्राचा ग्रंथ सांपडेल त्यास देहांत शिक्षा ठरविली.

मोदीन या खेड्यांत मत्तथ्या नांवाचा वृद्ध याजक आपल्या पांच पुत्रांसह राहत असे. राजाचा अधिकारी तेथें मूर्तीपुढें यज्ञ करविण्यास आला, तेव्हां मत्तथ्यानें नकार दिला. इतकेंच नव्हे, तर यज्ञ करावयास पुढें आलेल्या एका यहूद्यास व त्या अधिकाऱ्यासहि त्यानें ठार केलें. हें कृत्य आम्हांस निर्दोष म्हणवत नाहीं, पण घडलें तें असें. मग तीं माणसें डोंगरांत गेलीं. त्याच सुमारास गुहांत लपलेले सुमारें एक हजार लोक, शब्बाथ मोडूं नये म्हणून हात न उचलतां, बायकामुलांसह मारले गेले. तेव्हांपासून शब्बाथ दिवशींहि स्वसंरक्षण करावें असा मत्तथ्याच्या मंडळीनें ठराव केला.

थोड्याच काळानें मत्तथ्या वारला, व त्याचा तिसरा पुत्र यहूदा सेनापति झाला. मक्काबी हें त्याचें उपनांव; त्याचा अर्थ हातोडा असा पुष्कळ विद्वान करितात. अम्माऊस येथें सुरियाच्या सैन्यानें तळ दिला, तेव्हां यहूदी कैदी गुलाम म्हणून विकत घेण्यास व्यापारीसुद्धां पैसे घेऊन आले होते! यहूदाजवळ अवघे तीन हजार लोक, त्यांतहि पुरतीं शस्त्रें नाहींत. गोर्गिया हा सरदार रात्रीं निवडक फौज घेऊन त्याच्यावर छापा घालावयास निघाला. हें कळतांच यहूदा आपला तळ मोकळा सोडून निघाला, आणि पहांटे त्यानें शत्रूच्याच छावणीवर घाला घातला. गोर्गिया परत येईपर्यंत लुटीस हात लावूं नका, अशी त्याची सक्त ताकीद होती.

शेवटीं तो यरुशलेमास पोहोंचला. मंदिराच्या अंगणांत रानासारखें गवत माजलें होतें व दरवाजे जळाले होते. लोकांनीं वस्त्रें फाडून विलाप केला. विटाळलेल्या वेदीचे दगड काय करावे हें कोणास कळेना. म्हणून संदेष्टा येऊन सांगेपर्यंत ते बाजूस ठेविले. नवी वेदी बांधून इ. स. पूर्वी १६४ सालीं किसलेव महिन्याच्या २५ व्या दिवशीं मंदिराची पुनःप्रतिष्ठा झाली व आठ दिवस सण पाळला. हाच हनुक्का. शेजारच्या गडांत शत्रूची शिबंदी अद्याप होती, व तिच्याशीं लढावयास यहूदाला माणसें नेमावीं लागलीं. एका दिवसाचें तेल आठ दिवस पुरलें ही कथा मागाहून ताल्मूदांत येते. मक्काबींच्या पुस्तकांत ती नाहीं.

इ. स. पूर्वी १६० सालीं बक्खीद हा मोठें सैन्य घेऊन आला. यहूदाचे बहुतेक लोक भिऊन पळाले, आठशेंच उरले. मागें फिरावें असें त्यांनीं विनविलें, पण त्यानें ऐकिलें नाहीं, आणि तो तेथेंच पडला. योनाथान व शिमोन या भावांनीं त्यास मोदीन येथें बापाच्या कबरेंत पुरलें.

आमच्या कोंकणांतील बेने इस्राएल लोकांस पूर्वीं हनुक्का ठाऊक नव्हता. त्यावरून आपले पूर्वज त्या सणाच्या आधींच देश सोडून निघाले, असें ते मानितात. आपल्या शास्त्रांत मक्काबींचीं पुस्तकें नाहींत, परंतु तो सण आहे. योहानाच्या दहाव्या अध्यायांत हिंवाळ्यांत त्याच सणास प्रभु येशू शलमोनाच्या देवडींत फिरत होता. तलवारीनें मिळालेल्या त्या सुटकेची आठवण ताजी असतां लोकांनीं त्यास घेरून, तूं ख्रिस्त आहेस काय तें उघड सांग, असा आग्रह धरिला. आणि त्याचें उत्तर ऐकून दगड उचलिले.