मूळ भाषेतून साध्या मराठीत : पंडिता रमाबाई



अलीकडे मिस्सा संपल्यावर आपल्या धर्मग्रामातील काही तरुण हातात मोबाइल घेऊन माझ्याकडे येतात. शुभवर्तमानातील एखाद्या शब्दावर बोट ठेवले की त्याखाली मूळ ग्रीक शब्द दिसतो, जुना करार असेल तर हिब्रू शब्द दिसतो. तो शब्द पवित्र शास्त्रात आणखी कुठे कुठे आला आहे, हेही कळते. सेमिनरीत असताना असे काही पाहायचे तर आम्हाला ग्रंथालयातले जाडजूड कोश टेबलावर मांडावे लागत. आज ते सारे कोंढ्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाच्या खिशात आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

पण आनंदाबरोबर एक काळजीही वाटते. ही साधने नेमकी कशासाठी वापरायची? देवाचे वचन नीट समजावे म्हणून, की चारचौघांत दुसऱ्याला गप्प करता यावे म्हणून? या प्रश्नाचे उत्तर मला एका मराठी बाईच्या आयुष्यात सापडले. त्या कॅथोलिक नव्हत्या. तरीही त्यांच्याकडून आपण पुष्कळ शिकू शकतो. त्यांचे नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असे मानण्याचा तो काळ, तरी त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. आईने ते पुढे लेकीला दिले. पहाटे आईच्या मांडीवर बसून या मुलीने हजारो श्लोक पाठ केले. घरची भाषा मराठी, विद्येची भाषा संस्कृत.

हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत गावोगाव फिरे. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांच्याजवळचे सारे संपले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. उरले रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास. दोघे पायी हजारो मैल हिंडले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली, तिला ‘पंडिता’ म्हटले आणि ‘सरस्वती’ ही पदवी दिली.

याच कलकत्त्यात त्यांच्या हाती पहिल्यांदा बायबल आले. काही ख्रिस्ती लोकांनी त्यांना संस्कृत भाषेतील बायबल भेट दिले. संस्कृतच्या पंडितेला संस्कृत बायबल, याहून योग्य भेट ती कोणती? पण झाले उलटेच. रमाबाईंना ते कळले नाही. त्यातले संस्कृत त्यांनी शिकलेल्या संस्कृतपेक्षा वेगळे वाटले आणि शिकवणही परकी वाटली. हे वाचणे म्हणजे वेळ घालवणे, असे ठरवून त्यांनी पुस्तक बाजूला ठेवले. नंतर आपल्या साक्षीच्या पुस्तकात त्यांनी हे प्रांजळपणे लिहिले आहे.

बंधुभगिनींनो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. शब्द ओळखीचे होते, व्याकरण तोंडपाठ होते, तरीही वचन मनापर्यंत पोहोचले नाही. शब्द कळणे आणि वचन कळणे यांत अंतर असते.

१८८० मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला आणि त्या आसाममधील सिलचरला राहू लागल्या. तिथे घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. ती त्यांनी आवडीने वाचली. जे संस्कृतातून कळले नव्हते ते बंगालीतून थोडेथोडे कळू लागले. एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याने घरी येऊन उत्पत्तीच्या पुस्तकातील सृष्टीची कथा समजावून सांगितली. लग्नाला दोन वर्षे होण्याआधीच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पती पटकीने गेले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी होती.

रमाबाई मुलीला घेऊन पुण्यास आल्या. तिथे त्यांनी स्त्रियांसाठी आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वेळी एका मिशनरी बाईंबरोबर त्या मराठी नवा करार वाचू लागल्या. संस्कृत, मग बंगाली, मग मराठी, अशी ही वाट आहे. मोठ्या विद्येपासून सुरू झालेली ही वाट हळूहळू घरच्या भाषेकडे येत होती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींकडे राहिल्या. त्या भगिनी लंडनमध्ये फुलहॅम येथे, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रम चालवीत. तो पाहून रमाबाई हलून गेल्या. ही माया यांना कोणी शिकवली, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

दुसऱ्याच दिवशी, ३० सप्टेंबरला, आपण संत जेरोमचा सण पाळतो. संत जेरोम बेथलेहेमला राहून यहुदी शिक्षकाकडून हिब्रू शिकले आणि त्यांनी जुना करार मूळ हिब्रूवरून त्या काळच्या लोकांच्या लॅटिनमध्ये आणला. या दोन तारखा योगायोगाने शेजारी आल्या. पण पुढे रमाबाईंनी जे काम हाती घेतले ते संत जेरोमच्याच जातीचे होते.

इंग्लंडमध्येही त्यांचा स्वभाव बदलला नाही. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, आपली संस्कृत का नको, असा प्रश्न त्यांनी आपल्या गुरुभगिनीला केला. धर्मसिद्धान्तांवरही त्या प्रश्नावर प्रश्न विचारीत. त्यांच्या काही मतांशी कॅथोलिक म्हणून आपण सहमत होणार नाही. पण न समजता मान डोलावणे त्यांना जमत नसे, आणि हा गुण मात्र घेण्यासारखा आहे.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. मुली ख्रिस्ती होत आहेत या कारणावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि या प्रांताला त्या दुष्काळाने होरपळून काढले. रमाबाईंनी स्वतः उपासमारीत आईवडील गमावले होते, त्यांना घरी बसवेना. त्या मध्य प्रांतात आल्या आणि सुमारे ३०० मुली व विधवा यांना सोबत घेऊन गेल्या. दौंडजवळ केडगाव येथे त्यांनी जमीन घेतली होती. तिथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्याही मुली आल्या.

या मुलींना ना संस्कृत येत होते, ना पुस्तकी मराठी. मराठीत बायबल तेव्हा होते. सेरामपूरच्या मिशनने १८११ मध्येच मराठी नवा करार छापला होता, नंतर इतर भाषांतरेही झाली. पण त्यांतली भाषा संस्कृत शब्दांनी जड झाली आहे, असे रमाबाईंना वाटे. साध्या बायकांना ती कळत नाही. शिवाय त्या संस्कृत शब्दांमागे जुने अर्थ चिकटलेले असतात आणि वाचणाऱ्याचे मन भलतीकडे जाते. संस्कृत न येणाऱ्याने हे म्हटले असते तर त्याला अडाणी ठरवले असते. इथे संस्कृतची पंडिताच ते म्हणत होती.

मग काय करावे? इंग्रजीवरून नवे भाषांतर करणे सोपे होते. रमाबाईंनी अवघड वाट धरली. वयाच्या पंचेचाळिशीच्या पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबल मूळ भाषांवरून सोप्या मराठीत आणायचे ठरवले. त्यांना ऐकू कमी येत असे. मुक्ती सदनातील शेकडो माणसांच्या जेवणाची, औषधाची, शाळेची काळजी होतीच. त्यातून वेळ काढून हे काम वर्षानुवर्षे चालले. मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांनी खिळे जुळवले, कागद छापले, पुस्तके बांधली. ज्यांच्यासाठी भाषांतर होते त्यांच्याच हातांनी ते छापले जात होते.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. आईचा उजवा हात गेला. तरी काम थांबले नाही. छपाईचे शेवटचे तपासणीचे कागद पुरे होईपर्यंत दिवस दे, अशी प्रार्थना त्यांनी केली आणि काम पुरे होताच त्या गेल्या, असे सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा मृत्यू झाला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते भाषांतर सर्वत्र रूढ झाले नाही. पण एका स्त्रीने मूळ भाषा शिकून आपल्या लोकांसाठी सगळे पवित्र शास्त्र मराठीत आणले, ही गोष्ट त्यामुळे लहान होत नाही.

आता आपल्या मोबाइलकडे वळू. त्यावर शब्दाशेजारी जो क्रमांक दिसतो, त्याची पद्धत अमेरिकेतील जेम्स स्ट्राँग यांनी १८९० मध्ये छापलेल्या शब्दसूचीतून आली आहे. त्यांनी प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक दिला, म्हणून भाषा न येणाऱ्यालाही शब्द शोधता येतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ मध्ये मूळ ग्रंथांवरून चांगली भाषांतरे व्हावीत आणि सर्व श्रद्धावंतांना पवित्र शास्त्र सहज वाचता यावे, असा आग्रह धरला. तेव्हा ही साधने जरूर वापरा. मात्र तीन गोष्टी पाळा.

पहिली, कोश उघडण्याआधी तो उतारा आपल्या मराठीत तीनदा वाचा. आधी वचन, मग शब्द.

दुसरी, कोशात एका शब्दाचे पाच अर्थ दिले असतील तर ते पाचही एका जागी कोंबू नका. मराठीत पान झाडाचे असते, वहीचे असते आणि खायचेही असते. कोणते ते वाक्य ठरवते. पुनरुत्थित प्रभू पेत्राला तीनदा विचारतो, तिथे ग्रीकमध्ये प्रेमासाठी दोन वेगळे शब्द आहेत. त्यावरून मोठमोठी प्रवचने होतात. पण योहान हे दोन शब्द इतरत्र एकमेकांच्या जागीही वापरतो. म्हणून घाई नको. उताऱ्याखालच्या टिपा पाहा, शंका असेल तर विचारा, आणि वचन ख्रिस्तसभेबरोबर वाचा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मूळ शब्द सापडला की तो आपल्या घरातल्या सर्वांत साध्या माणसाला कळेल असा सांगून पाहा. मागे एका रविवारी मी प्रवचनात ग्रीक शब्दांची माळ लावली. मिस्सेनंतर एका आजीने मला विचारले की फादर, सगळे चांगले होते, पण येशूला त्या लोकांबद्दल वाटले तरी काय? मला ओशाळल्यासारखे झाले. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखा तो जमाव पाहून प्रभूला जे वाटले, त्यासाठी शुभवर्तमानात जो ग्रीक शब्द आहे तो आतड्यांवरून आलेला आहे. हिब्रूत दयेचा एक शब्द आईच्या गर्भाशयाशी नाते सांगतो. मी आजीला म्हटले, त्याचे आतडे तुटले. तिने लगेच मान हलवली. लेकरू तापाने फणफणले की आपले तुटते तसेच, असे ती म्हणाली. रोवणीला जाणारी ती आजी त्या क्षणी मूळ शब्दाच्या माझ्यापेक्षा जवळ होती.

रमाबाईंनी आयुष्यभर हेच केले. सर्वांत मोठ्या विद्येची पदवी त्यांना विशीतच मिळाली होती. त्या पदवीवर त्या सुखाने राहू शकल्या असत्या. त्यांनी आणखी दोन भाषा शिकल्या, त्या दुष्काळातून आलेल्या निरक्षर मुलीला देवाचे वचन कळावे म्हणून. तुमच्या हातातल्या साधनाची कसोटीही हीच आहे. त्याने तुम्ही किती मोठे दिसलात ते मोजू नका. घरातल्या कोणाला वचन अधिक जवळचे झाले का, ते पाहा.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एवढे करावे. संध्याकाळच्या प्रार्थनेत लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला वाचावा. ज्याच्या मोबाइलवर साधन आहे त्याने पंधराव्या अध्यायातील विसावे वचन काढून, मुलाला दुरून पाहून बापाला काय वाटले, तो मूळ शब्द शोधावा. मग त्याने मोबाइल खाली ठेवावा आणि आजीला, आजोबांना विचारावे की आपल्या बोलीत याला काय म्हणतात.

प्रभू आपणा सर्वांना त्याचे वचन समजण्याची बुद्धी आणि ते साधेपणाने सांगण्याची नम्रता देवो.

आपला,
धर्मगुरू